पणजोबांची पलटण आणि नीरा उजव्या कालव्यावरचा मळा: कुळकथा कागदांवर कशी पडताळावी?

माणदेशी पणतू

नमस्कार. माझे पणजोबा मूळचे सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यातले. पहिल्या महायुद्धाच्या आधी दोन-तीन वर्षे ते मराठा पलटणीत भरती झाले, आमच्या घरात जिला आजही 'बसऱ्याची लढाई' म्हणतात त्या लढाईला गेले आणि घरच्यांनी त्यांची आशा सोडून दिल्यावर, १९१९ च्या पावसाळ्याच्या तोंडाला, परत आले. पुढे गावाकडच्या कोरडवाहू जमिनीत भागेना म्हणून त्यांनी गाव सोडले आणि बैलगाडीत पाभर, कुळव, जात्याची तळी आणि दोन लेकरे घालून माळशिरस तालुक्यात, अकलूजच्या अलीकडे, नव्याने होऊ घातलेल्या नीरा उजव्या कालव्याच्या कडेला बिऱ्हाड टाकले. त्या जागेला आम्ही 'पलटणीचा मळा' म्हणतो आणि आज तिथे आमच्या भावकीची अकरा घरे आहेत.

येत्या वैशाखात वस्तीच्या तोंडाशी त्यांच्या नावाची शिला बसवायची असे सर्वांनी ठरवले असून मजकूर लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. घरात सर्वांच्या तोंडी असलेला मजकूर असा: 'बसऱ्याच्या लढाईत शौर्य गाजवल्याबद्दल सरकारने ही जमीन बक्षीस दिली आणि या ओसाड माळावर पहिला नांगर त्यांनी धरला.' हे वाक्य लहानपणापासून ऐकत आलो आहे, परंतु दगडावर कोरायची वेळ आली तेव्हा मला त्याची धास्ती वाटू लागली, कारण यातले नक्की काय खरे आहे हे सांगणारा एकही माणूस आता हयात नाही.

माझ्याजवळ काय आहे ते सांगतो. एका पत्र्याच्या डब्यात दोन पदके आहेत. एक चांदीचे, गोल, त्याच्या एका बाजूस राजाचा मुखवटा आणि दुसऱ्या बाजूस घोड्यावर बसलेला उघडा पुरुष आहे. दुसरे तांबूस रंगाचे, चांदणीच्या आकाराचे असून त्यावर तलवारींची फुली आहे. त्याच डब्यात पलटणीतून नाव कमी झाल्याचा एक इंग्रजी कागद आहे, परंतु त्याचा निम्म्याहून अधिक भाग कसरीने खाल्ला आहे. शिवाय मोडीत लिहिलेला एक दुपदरी कागद आहे, तो आमच्यापैकी कोणालाच वाचता येत नाही.

आठवणी म्हणाल तर माझ्या थोरल्या आत्याने सांगितलेल्या दोनच गोष्टी ठाम आहेत. पणजोबा रात्री झोपताना अर्धी भाकरी फडक्यात बांधून उशाशी ठेवत आणि सकाळी तीच आधी खात, घरात ताजी भाकरी तव्यावर असली तरी. दुसरी गोष्ट अशी, की त्यांनी परत आल्यावर तुळशीची माळ घातली आणि पुन्हा मांसाला हात लावला नाही. आम्ही ते वारकरी झाल्याचे लक्षण समजत आलो, परंतु आत्या म्हणायची, 'माळ नंतरची, मटण आधीच सुटलं होतं. तिकडं घोडं खायला लागलं म्हणून.'

तेव्हा ते नक्की कुठे होते, आणि जमीन खरोखर सरकारने दिली होती का, हे आता शोधता येईल का? जाणकारांनी मार्ग दाखवावा.

जुनी पलटण

नमस्कार. मी मराठा लाइट इन्फंट्रीत बावीस वर्षे नोकरी केली आहे आणि निवृत्तीनंतर याच काळाचे वाचन करत असतो. आपल्या आत्यांनी सांगितलेली घोड्याची गोष्ट फार मोलाची आहे, ती कृपया त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा.

आधी पदकांविषयी. चांदीचे गोल पदक हे ब्रिटिश वॉर मेडल आहे. ते महायुद्धात सेवा केलेल्या फार मोठ्या संख्येच्या सैनिकांना मिळाले, त्यामुळे त्यावरून विशेष काही ठरत नाही. चांदणी मात्र बोलकी आहे. ती १९१४-१५ चा स्टार असून १९१५ संपण्यापूर्वी जो प्रत्यक्ष युद्धभूमीवर पोचला होता त्यालाच ती मिळे. या दोहोंबरोबर पंख असलेल्या देवतेचे तिसरे पदक असते, ते तुमच्याकडून कुठेतरी गहाळ झालेले दिसते. आता चांदणी उलटी करा आणि तिरप्या उजेडात भिंगाने पाहा. मागच्या सपाट भागावर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. गोल पदकावर हाच मजकूर कडेवर असतो. पदक घासून लख्ख करण्याचा मोह मात्र आवरा, कारण ती अक्षरे झिजतात आणि गेली की कायमची जातात.

त्या काळी मराठ्यांच्या सहा पलटणी होत्या: १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७. कोणती पलटण, यावर पुढची सगळी कथा अवलंबून आहे. ११४ वी असेल तर ती १९१८ च्या ऑक्टोबरात मोसूलच्या वाटेवर शर्कातच्या लढाईत नावाजली गेली. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही पलटणी पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनमध्ये होत्या, आणि घोड्याच्या मांसाची गोष्ट मला थेट त्यांच्याकडे घेऊन जाते.

या डिव्हिजनची पहिली तुकडी १९१४ च्या नोव्हेंबरात मेसोपोटेमियातील, म्हणजे आजच्या इराकमधील, फाओ येथे उतरली आणि त्याच महिन्यात बसरा हाती आले. आपल्याकडे गावोगावी सगळ्या मोहिमेलाच 'बसऱ्याची लढाई' नाव पडले ते यामुळेच, कारण जहाज तिथे लागे आणि पत्रही तिथूनच येई. पुढे फौज तैग्रिस नदीने वर सरकत बगदादपासून फार दूर नसलेल्या टेसिफोनपर्यंत गेली. तिथे १९१५ च्या नोव्हेंबरात तिची इतकी माणसे पडली की तिला माघार घ्यावी लागली आणि कुत-अल-अमारा या नदीच्या वळणातल्या गावात ती कोंडली गेली. वेढा ७ डिसेंबर १९१५ रोजी पडला आणि २९ एप्रिल १९१६ रोजी जनरल टाउनशेंड यांनी शरणागती पत्करली. शेवटच्या आठवड्यांत विमानातून पिठाची पोती टाकण्याचा प्रयत्न झाला, पण तेवढ्याने काय भागणार? शिपायाच्या वाट्याला जवाचे थोडे पीठ आणि रानातली पालेभाजी उरली होती. तोफा ओढणारे घोडे आणि खेचरे कापून गोऱ्या शिपायांना मांस दिले जात होते. हिंदी शिपायांनी ते महिनोन्महिने नाकारले, म्हणून हिंदुस्थानातील धर्मगुरूंची परवानगी तारेने मागवण्यात आली. गावात आपल्याला वाळीत टाकतील, मुलीबाळींची लग्ने होणार नाहीत, ही त्यांची भीती खरी होती. एप्रिलात उपासमार आणि स्कर्व्ही असह्य झाल्यावर बहुतेकांनी ते खाल्ले. आपल्या पणजोबांनी घरी येऊन ही गोष्ट लपवली नाही, हे मला त्यांच्या धैर्याचे वाटते.

शरण गेलेल्या सुमारे १३,००० माणसांना आधी बगदादला नेण्यात आले. समारा येथे लोहमार्ग संपला की पुढे मोसूल आणि नुसैबिनवरून उन्हातून पायी चालवण्यात आले आणि पुष्कळशा हिंदी शिपायांना रास-अल-ऐन येथे बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपण्यात आले. त्या वाटेवर आणि त्या छावण्यांत हजारो माणसे गेली. उशाशी बांधून ठेवलेली अर्धी भाकरी मला तिथली वाटते.

तरीही एक सावधगिरी सांगतो. जे आजारी किंवा जखमी असल्याने वेढ्याबाहेर राहिले, त्यांच्या आणि नव्या भरतीच्या बळावर या पलटणी पुन्हा उभ्या करण्यात आल्या. त्यामुळे चांदणीवर ११७ हा आकडा निघाला म्हणून माणूस कुतमध्येच होता असे सिद्ध होत नाही. त्यासाठी तो कसरीने खाल्लेला कागद वाचावा लागेल, म्हणून त्याचा मोठा आणि स्पष्ट फोटो काढून ठेवा. अलीकडे लाहोरच्या संग्रहालयातील भरतीच्या वह्या ऑनलाइन आल्या आहेत, त्या पाहून अनेकजण निराश होतात. त्या फक्त पंजाबच्या आहेत. मराठा शिपायासाठी बेळगावचे रेजिमेंटल सेंटर, तसेच लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसचे दप्तर ही विचारण्याची ठिकाणे आहेत, मात्र साध्या शिपायाची वैयक्तिक नोंद हाती लागेलच अशी अपेक्षा ठेवू नका.

निवृत्त मंडल अधिकारी

पदकांविषयी वरच्या प्रतिसादात उत्तम माहिती आली आहे. मी जमिनीविषयी लिहितो, कारण 'सरकारने बक्षीस दिली' हे वाक्य मी नोकरीत असताना शेकडो वेळा ऐकले आहे आणि त्यातील बहुतेक वेळा फेरफाराने, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदीने, वेगळेच सांगितले आहे.

पंजाबात कालव्यांच्या वसाहतींमध्ये सरकारी पडीक जमीन फौजेतल्या माणसांना वाटली गेली, हे खरे आहे. ते चित्र लोक आपल्या दख्खनच्या कालव्यांनाही लावतात. आपल्याकडे मुळात रयतवारी होती, म्हणजे जमीन थेट खातेदाराच्या नावावर असे. नीरेचे दोन्ही कालवे ज्या जमिनींतून गेले त्या बहुतांशी कोणा ना कोणा खातेदाराच्या नावावर आधीपासून होत्या, जिरायत आणि हलक्या का होईना. त्यामुळे इथे बागायत करायला आलेल्या माणसाने सहसा जमीन खंडाने किंवा भाडेपट्ट्याने घेतली आणि जम बसल्यावर विकत घेतली. सासवडचे माळी शेतकरी हे याचे सर्वांत ठळक उदाहरण. ते आधी डाव्या कालव्यावर खंडाच्या जमिनी करत होते, पुढे उजव्या कालव्यावर तुमच्याच तालुक्यात आले आणि १९३२ मध्ये त्यांनी माळीनगरचा कारखाना काढला. जंगी इनाम, म्हणजे लष्करी सेवेबद्दल जमीन, ही गोष्ट होती, पण ते सरसकट प्रत्येक शिपायाला मिळत नसे.

आता शोध कसा घ्यावा ते सांगतो. आजच्या गट नंबरावरून मागे जायचे असल्यास आधी एकत्रीकरण योजनेचा ९(३), ९(४) चा उतारा काढा, म्हणजे जुना सर्व्हे नंबर आणि हिस्सा कळेल. त्या सर्व्हे नंबरावर जुनी हक्कनोंद, म्हणजे ज्याला आम्ही ड-पत्रक म्हणत असू, ती मागा. आपल्या भागात ही नोंद साधारण १९१३ नंतरची मिळू शकते. प्रत्येक फेरफाराच्या मजकुरात 'खरेदी', 'गहाण', 'भाडेपट्टा', 'वारस' किंवा 'सरकारी आकारी पड दिली' यापैकी काय लिहिले आहे ते पाहा. एवढ्या एका शब्दावर तुमच्या प्रश्नाचे उत्तर आहे. सरकारने दिलेली जमीन असती तर कब्जेदाराच्या नावाशेजारी बहुधा नवीन शर्तीचा (परवानगीशिवाय विकता येत नाही असा) शेरा चालत आला असता, म्हणून तुमचा जुना सातबाराही नीट तपासा. खरेदी असल्यास दुय्यम निबंधकांकडे नोंदलेल्या दस्ताची नक्कल मिळू शकते. जमीन जर फलटणच्या बाजूची असेल तर तो मुलूख १९४८ पर्यंत संस्थानी होता आणि त्याचे दप्तर वेगळे, परंतु आपण अकलूजच्या अलीकडचे म्हणता, त्यामुळे माळशिरस तहसीलच्या अभिलेख कक्षापासून सुरुवात करावी.

आणखी एक कागद लोक विसरतात, तो म्हणजे पीक पाहणी. 'ओसाड माळ' हे शब्द दगडावर कोरण्यापूर्वी त्या माळावर आधी काय पिकत होते आणि कोण पिकवत होते ते तिथे पाहून घ्या.

मोडीच्या कागदाचा फोटो इथे टाकल्यास वाचून देईन. माझ्या नोकरीच्या सुरुवातीला अर्धे जुने दप्तर मोडीतच होते.

नीराकाठ

आम्ही डाव्या कालव्यावरचे, चौथ्या पिढीचे ऊसवाले. पहिला नांगर कोणी धरला हा मान ज्याचा त्याला मिळो, पण कालव्यावर पहिल्यांदा आलेल्या माणसाचे खरे काम नांगरटीनंतर सुरू होत असे, ते आपल्या लेखनात यावे म्हणून लिहितो.

भाटघरचे लॉइड धरण १९२८ मध्ये पूर्ण झाले आणि उजव्या कालव्याला भरवशाचे पाणी आले. पण जमीन पाण्याखाली आणायची म्हणजे आधी ती सपाट हवी. माळाला उतार असतो, तो काढण्यासाठी बैलांच्या केणीने माती ओढून वाफे करावे लागत. हरळी आणि कुंदा ही चिवट तणे मारायला साध्या लाकडी नांगराचे काम नव्हे. किर्लोस्करांचा लोखंडी नांगर आणि त्याला तीन-चार बैलजोड्या लागत, आणि तेवढे बैल एकाच्या दावणीला नसत, म्हणून सावड करत. उन्हाळ्यात खोल नांगरून ढेकळे महिनाभर तापत ठेवली की हरळीची काशी वाळे. मग ब्लॉकचा, म्हणजे ठरावीक क्षेत्राला कालव्याचे पाणी मिळण्याचा, अर्ज, पाण्याची पाळी, आणि पाळी रात्रीची आली तर कंदील घेऊन थंडीत दारे धरणे.

तेव्हाचा ऊस पुंड्या. मऊ आणि गोड, पण भारी नाजूक. त्याला खताची हाव फार, पेंडीची पोती उधारीवर आणावी लागत. गूळ आपल्याच गुऱ्हाळावर करायचा, आणि १९३० नंतरच्या मंदीत गुळाचे भाव असे कोसळले की आमच्या पणजोबांच्या ढेपा वखारीत पाघळल्या. पुढे ४१९ जातीचा ऊस आला तेव्हा लोक सावरले. पाणी जास्त झाले की जमीन चोपण, म्हणजे खारवट आणि नापीक, होई, ती भीती डाव्या कालव्यावर आम्ही आधीच भोगली होती आणि उजव्याकडे येणारे शहाणे लोक आधी चर खोदत. आपल्या मळ्याच्या खालच्या अंगाला जुना चर आहे का ते पाहा. असल्यास तो बहुधा पणजोबांच्याच हातचा असेल.

माणदेशी पणतू

सर्वांचे मनापासून आभार. दीड महिन्याने लिहितो आहे, कारण या काळात माळशिरसला चार खेपा झाल्या.

चांदणी उलटी करून सकाळच्या उन्हात धरली. शंभर वर्षे ती डब्यात होती आणि आमच्यापैकी कोणीही तिची पाठ पाहिली नव्हती. नंबर आहे, शिपाई हा हुद्दा आहे, नाव इंग्रजीत चुकीचे लिहिलेले असले तरी ओळखू येते, आणि शेवटी '११७ मराठाज'. कसरीने खाल्लेल्या कागदाचा फोटो मोठा करून पाहिल्यावर एका ओळीच्या टोकाला 'प्रिझनर' एवढा शब्द शाबूत दिसला. त्याच्या पुढचा भाग गेला आहे. मला तेवढे पुरे आहे.

जमिनीचे मंडल अधिकारी साहेबांनी सांगितले होते तसेच निघाले. १९२७ च्या फेरफारात भाडेपट्टा आहे आणि १९३६ च्या फेरफारात खरेदी. त्याच वर्षी सोसायटीच्या कर्जाचा बोजा चढलेला आहे, तो उतरायला पुढची नऊ वर्षे लागली. सरकारी देणगीचा शब्दही कुठे नाही. त्याहून मला हलवून गेली ती त्याआधीची पीक पाहणी. त्या 'ओसाड' माळावर १९२७ पूर्वीही बाजरी आणि मटकी होती आणि एका धनगर कुटुंबाचे नाव होते. त्या घरचे लोक आजही दोन चाऱ्या (कालव्याचे छोटे फाटे) ओलांडल्यावर राहतात, आमच्या प्रत्येक लग्नाच्या पंगतीला असतात, आणि त्यांच्या देखत आम्ही इतकी वर्षे 'पहिला नांगर आमचा' म्हणत आलो. मी त्यांच्या थोरल्या काकांना जाऊन हे सांगितले. ते म्हणाले, 'आमाला ठावं हुतं की. तुमच्या पणज्यानं पैसं रोख मोजलं आन् बांधावरची बाभळ आमाला ठिवली.' ती बाभूळ मोडी कागदातही निघाली, त्याची हकीकत साहेबांनीच लिहावी.

खालच्या अंगाला चर आहे. पावसाळ्यात अजूनही त्यातून पाणी वाहते.

निवृत्त मंडल अधिकारी

पणतूंनी पाठवलेला मोडी कागद म्हणजे १९३६ च्या खरेदीखताची घरात ठेवलेली प्रत आहे. चतुःसीमा, विहिरीचा हक्क नाही, पाटाच्या पाण्याचा आहे, अशा नेहमीच्या ओळी आहेत, आणि शेवटी 'पूर्वेच्या बांधावरील बाभूळ झाड एक, त्याचे लाकूड व शेंगा लिहून देणार यांचेकडे राहील' अशी ओळ आहे. शेळ्या-मेंढ्या असलेल्या घराला बाभळीच्या शेंगांची किंमत काय असते हे घेणाऱ्याला कळत होते, असे दिसते.

एक गोष्ट मी वाचताना थांबून पाहिली. पलटणीच्या इंग्रजी कागदाच्या तळाशी पणजोबांचा डाव्या हाताचा अंगठा आहे. या खरेदीखतावर 'लिहून घेणार' म्हणून त्यांची स्वतःची मोडी सही आहे, जड हाताची, प्रत्येक अक्षर सुटे काढलेली. मधल्या सतरा वर्षांत, ऊस आणि कर्ज सांभाळून, ते कधीतरी लिहायला शिकले.

जुनी पलटण

दगडाच्या मजकुराविषयी एक सुचवतो. महायुद्धानंतर आपल्याकडच्या पुष्कळ गावांत सरकारने संगमरवरी पाट्या बसवल्या, त्यांवर या गावातून किती माणसे लढाईवर गेली आणि किती मरण पावली एवढेच लिहिलेले असते. आपल्या माणमधील मूळ गावी तशी पाटी चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत आहे का ते पाहा. त्या आकड्यात आपले पणजोबाही मोजलेले असतील. शिलेवर शिपाई नंबर जसा चांदणीवर आहे तसाच घ्या.

माणदेशी पणतू

पाटी आहे, जुन्या चावडीच्या भिंतीत, चुन्याखाली अर्धी झाकलेली होती. सरपंचांच्या परवानगीने ती आम्ही ओल्या फडक्याने मोकळी केली.

शिलेचा मजकूर भावकीने काल रात्री मान्य केला. वर नाव आणि शिपाई नंबर. खाली: '११७ वी मराठा पलटण. मेसोपोटेमियाच्या मोहिमेत लढले, युद्धकैदी झाले, १९१९ मध्ये परत आले. १९२७ पासून ही जमीन भाडेपट्ट्याने कसली, १९३६ मध्ये विकत घेतली आणि पाटाच्या पाण्याखाली आणली.' सहीचा ठसा खरेदीखतावरून जसाच्या तसा घेऊन सर्वांत खाली कोरायचा आहे. शिला पूर्वेच्या बांधाशी बसवणार आहोत, आणि पाथरवट येण्याआधी बाभळीची मुळे कुठवर गेली आहेत ते धनगरवस्तीचे काका येऊन दाखवणार आहेत.